हिरवळीत आपला हात लपवणारा डॉक्टर

क्रिकेटची खेळपट्टी जगात कोठेही गेले तरी २२ यार्डांचीच असते. टेनिसचे कोर्ट, हॉकीचे मैदान, बुद्धिबळाचा पट यांचीही मापे ठरून गेली आहेत. गोल्फला मात्र असे ठरावीक मैदान नाही. ‘टी’ या आरंभस्थानावरून चेंडू मारायचा आणि शक्य तितक्या कमी फटक्यांत तो दूरवरच्या ‘ग्रीन’ या गुळगुळीत हिरवळीवरील लहानशा खळीत घालायचा. अशा एकेका टप्प्याला ‘होल’ म्हणतात आणि १८ होल मिळून एक फेरी होते. ती फेरी कोणत्या भूमीवरून जावी, याला काही बंधन नाही. कोठे समुद्र आडवा येतो, कोठे वाळूच्या टेकड्या, कोठे झाडी, कोठे ओढा. या खेळात खरी लढत जमिनीशी असते. म्हणूनच गोल्फचे वेड लागलेली माणसे एखादे मैदान केवळ एकदा खेळता यावे यासाठी समुद्र ओलांडून जातात.

ज्या मैदानांसाठी असा प्रवास केला जातो, त्यांच्या जाणकारांनी केलेल्या याद्यांत तीन नावे सहसा चुकत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या खडकाळ किनाऱ्यावरील सायप्रेस पॉइंट, ऑस्ट्रेलियातील वाळूच्या माळावर वसलेले रॉयल मेलबर्न आणि अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात एका जुन्या रोपवाटिकेच्या उतारावर उभे राहिलेले ऑगस्टा नॅशनल. तिन्ही भूमी एकमेकींपासून सर्वस्वी भिन्न. त्यांना आकार देणारा माणूस मात्र एकच. डॉ. अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी हे त्यांचे नाव. शिक्षणाने ते वैद्य होते आणि खेळाडू म्हणून आयुष्याचा बराच काळ सामान्यच होते. आपला हात या जमिनीला कोठे लागला हे कोणाच्या लक्षात येऊ नये, ही त्यांची सर्वांत मोठी आकांक्षा होती.

मॅकेन्झी यांचा जन्म ३० ऑगस्ट १८७० रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायरमध्ये, वेकफील्डजवळच्या नॉर्मन्टन या गावी झाला. वडील स्कॉटिश आणि व्यवसायाने डॉक्टर. मुलाचे पाळण्यातले नाव अलेक्झांडर. पण लहानपणापासून त्यांना अ‍ॅलिस्टर याच नावाने हाक मारली जाई. घर इंग्लंडात असले तरी कुटुंबाचे मन स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर भागात गुंतलेले होते. उन्हाळ्याच्या सुट्ट्या तिकडे लॉखिन्व्हरच्या परिसरात जात. स्वतःला स्कॉटिश म्हणवून घेण्याची त्यांची सवय शेवटपर्यंत सुटली नाही. वेकफील्डच्या शाळेनंतर केंब्रिज विद्यापीठात त्यांनी विज्ञान आणि वैद्यक यांचे शिक्षण घेतले. पुढे वडिलांप्रमाणे रुग्ण तपासत आयुष्य काढावे, असाच सरळ रस्ता समोर दिसत होता.

त्या रस्त्याला वळण दिले ते दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाने. मॅकेन्झी ब्रिटिश सैन्यात शल्यचिकित्सक म्हणून तेथे गेले. जगातील सर्वांत बलाढ्य साम्राज्याची शिस्तबद्ध फौज एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला संख्येने थोडे असलेले बोअर शेतकरी. तरीही हे शेतकरी त्या फौजेला वारंवार अडवत होते. मॅकेन्झी यांच्या लक्षात आले की बोअरांची ताकद केवळ बंदुकीत नाही. त्यांचे खंदक दिसतच नसत. खणलेली माती, गवत, दगड, उताराची वळणे यांचा ते असा मेळ घालत की माणसाने केलेले काम निसर्गानेच केले आहे असे वाटावे. आणि जेथे माणसे नाहीत तेथे मात्र खंदकांचा आभास निर्माण करावा. शत्रूचे डोळे फसवण्याची ही कला जखमींवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरच्या मनात रुतून बसली.

युद्धाहून परतल्यावर त्यांनी लीड्स येथे वैद्यकीय व्यवसाय केला. त्या काळात इंग्लंडच्या अंतर्भागात गोल्फची मैदाने झपाट्याने वाढत होती. पण त्यांतील बरीचशी कुरूप होती. सपाट जमिनीवर फुटपट्टीने आखल्यासारखे आडवे बांध, चौकोनी हिरवळी, दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर खणलेले वाळूचे खड्डे. या खड्ड्यांना गोल्फमध्ये ‘बंकर’ म्हणतात. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर वारा आणि मेंढरे यांनी शतकानुशतके घडवलेले बंकर ज्याने पाहिले होते, त्याला हे खणकाम बोचणारच. १९०७ मध्ये लीड्सजवळ अल्वुडली क्लब स्थापन झाला, तेव्हा त्याच्या संस्थापकांत मॅकेन्झी होते आणि मैदानाची आखणी त्यांनीच केली. सहकाऱ्यांना त्यांच्या कल्पना जरा विक्षिप्त वाटल्या. म्हणून त्या काळचे नामांकित रचनाकार हॅरी कोल्ट यांना सल्ल्यासाठी बोलावण्यात आले. मॅकेन्झी यांनी घरी तयार केलेले हिरवळींचे छोटे नमुने कोल्ट यांनी पाहिले आणि या हौशी डॉक्टरची दृष्टी आपल्या दृष्टीशी जुळते हे त्यांनी ओळखले. लवकरच शेजारी मूरटाउनचे मैदान आकाराला आले. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातील रायडर चषकाचा सामना १९२९ मध्ये प्रथमच ब्रिटिश भूमीवर झाला, तो याच मूरटाउनवर.

१९१४ मध्ये ‘कंट्री लाइफ’ या इंग्रजी नियतकालिकाने एका होलचा उत्तम आराखडा करण्याची स्पर्धा ठेवली. मॅकेन्झी यांचा आराखडा पहिला आला. त्यात टीपासून ग्रीनपर्यंत जाण्याचे एकाहून अधिक मार्ग होते. धाडसी मार्ग जवळचा पण धोक्याचा, सावध मार्ग लांबचा पण सुरक्षित. प्रत्येक खेळाडूने आपली कुवत ओळखून वाट निवडावी, ही ती कल्पना. पुढील वीस वर्षे त्यांनी जे केले, त्याचे बीज या एका कागदावर होते.

त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. मॅकेन्झी पुन्हा सैन्यात गेले. पण या वेळी लवकरच त्यांच्याकडे वेगळे काम आले. बोअरांकडून पाहिलेली विद्या आता सैनिकांना शिकवायची होती. खंदक आणि तोफा शत्रूच्या नजरेपासून कशा लपवाव्यात, याचे प्रशिक्षण देणाऱ्यांत ते होते. युद्ध संपले तेव्हा ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर पोहोचले होते. वैद्यकीय व्यवसाय त्यांनी मागे टाकला तो कायमचा. खंदक लपवणे आणि मैदान घडवणे या दोन कामांत त्यांना मूलतः फरक दिसत नव्हता. दोन्हीकडे माणसाने केलेली रचना निसर्गाची वाटली पाहिजे. वैद्यकी सोडल्याची खंतही त्यांना नव्हती. दवाखान्याचा उंबरठा झिजवणाऱ्या ज्या रुग्णांना त्यांनी गोल्फकडे वळवले, ते सहसा पुन्हा औषधाला आले नाहीत, असा त्यांचा अनुभव होता. मोकळ्या हवेत काही मैल आनंदाने चालायला लावणारे मैदान हेही एक औषधच, अशी त्यांची धारणा झाली.

१९२० मध्ये ‘गोल्फ आर्किटेक्चर’ हे त्यांचे छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात आदर्श मैदानाची १३ तत्त्वे सांगितली आहेत. ती आज वाचतानाही त्यांच्यातील व्यवहारज्ञान जाणवते. एक ग्रीन संपल्यावर पुढच्या टीपर्यंत फार चालावे लागू नये. भूमीला चढउतार असावेत, पण खेळाडूला डोंगर चढायला लावू नये. प्रत्येक होलचा स्वभाव वेगळा असावा. हरवलेला चेंडू शोधत बसण्याचा ताप नसावा. कृत्रिम गोष्टी इतक्या नैसर्गिक दिसाव्यात की परक्याला त्या ओळखू येऊ नयेत. मात्र त्यांचे सर्वांत क्रांतिकारक मत कच्च्या खेळाडूविषयी होते. जिथे शूराला झेप घेण्याचे आव्हान आहे, तिथे दुबळ्याला वळसा घालून जाण्याची वाट असलीच पाहिजे. त्यासाठी त्याचा एखादा फटका जास्त खर्च होईल एवढेच. नवशिक्याच्या नावावर कितीही फटके लागले, तरी फेरी संपवताना त्याचा चेहरा हसरा असावा. चुकलेल्या फटक्याला शिक्षा देणे हेच मैदानाचे काम, असे मानणाऱ्या रचनाकारांचा तो काळ होता. त्या काळात हे मत मांडणारा माणूस स्वतः दीर्घकाळ सामान्य खेळाडू होता, हे विसरून चालणार नाही. बहुसंख्यांचे सुखदुःख त्यांना अनुभवाने माहीत होते.

या विचारांचे मूळ स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूजच्या ओल्ड कोर्समध्ये होते. या मैदानाला एक असा रचनाकार नाही. वाळू, वारा, ससे, मेंढरे आणि कित्येक पिढ्यांचे खेळाडू यांनी ते घडवले. प्रथमदर्शनी ते सपाट आणि गोंधळाचे वाटते. पण जितके खेळावे तितके त्याचे मर्म उलगडत जाते. मॅकेन्झी यांनी या मैदानाचे बारकाईने सर्वेक्षण केले आणि १९२४ मध्ये त्याचा तपशीलवार नकाशा तयार केला. प्रत्येक बंकर, प्रत्येक हिरवळीची कड त्यात टिपलेली आहे. गोल्फप्रेमींच्या भिंतींवर तो नकाशा आजही दिसतो.

१९२६ मध्ये मेलबर्नच्या क्लबचे बोलावणे आले आणि छप्पन्न वर्षांचा हा माणूस जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेला. तेथील मुक्काम काही आठवड्यांचाच होता. तेवढ्या अवधीत त्यांनी रॉयल मेलबर्नच्या पश्चिम मैदानाची आखणी केली, इतर अनेक क्लबांना सल्ला दिला आणि मुख्य म्हणजे दोन माणसे तयार केली. १९२४ ची ऑस्ट्रेलियन ओपन स्पर्धा जिंकलेले अ‍ॅलेक्स रसेल आणि मैदानाची निगा राखणारे मिक मॉरकॉम. मॅकेन्झी निघून गेल्यावर या दोघांनी त्यांचा आराखडा जमिनीवर उतरवला. १९३१ मध्ये मैदान खुले झाले. मेलबर्नच्या दक्षिणेकडील वालुकामय जमिनीत बंकरांच्या कडा धारदार राहतात, ते थेट हिरवळीच्या अंगाला भिडतात. त्यांच्यामधून जाणारी गवताची पट्टी, म्हणजे ‘फेअरवे’, पुरेशी रुंद आहे. चेंडू ठेवायला जागा भरपूर. पण योग्य बाजूला ठेवला नाही तर पुढचा फटका अवघड. नवख्याला ते सोपे वाटते, तर पट्टीच्या खेळाडूला घाम फोडते. प्रेसिडेंट्स चषकाचे सामने १९९८, २०११ आणि २०१९ मध्ये येथे झाले. मात्र ज्यांनी ते आखले त्यांनी पूर्ण झालेले मैदान कधीच पाहिले नाही. मॅकेन्झी पुन्हा ऑस्ट्रेलियाला गेले नाहीत.

तेथून न्यूझीलंडमार्गे ते अमेरिकेकडे वळले. कॅलिफोर्नियात त्यांची गाठ मॅरियन हॉलिन्स यांच्याशी पडली. १९२१ ची अमेरिकन महिला अजिंक्यस्पर्धा जिंकलेल्या हॉलिन्स मॉन्टेरे द्वीपकल्पावर नवे मैदान उभारत होत्या. आधी नेमलेले रचनाकार सेथ रेनर १९२६ च्या आरंभी अकाली निवर्तले आणि ते काम मॅकेन्झी यांच्याकडे आले. अशी भूमी रचनाकाराला क्वचितच मिळते. आधी पाइनची राई, मग पांढऱ्या वाळूच्या टेकड्या आणि शेवटी पॅसिफिक महासागरात घुसलेले काळे कडे. १९२८ मध्ये खुल्या झालेल्या सायप्रेस पॉइंटचा सोळावा होल जगातील सर्वाधिक छायाचित्रे काढल्या गेलेल्या होल्सपैकी असेल. कड्यावरून चेंडू मारायचा आणि खवळलेल्या समुद्रावरून दोनशेहून अधिक यार्ड तो पलीकडच्या टोकावर पोहोचवायचा. इतके अंतर चेंडू पार करू शकणार नाही, अशी रेनर यांची शंका होती. तेव्हा हॉलिन्स यांनी तेथेच उभे राहून चेंडू पलीकडे मारून दाखवला, असे सांगितले जाते. मॅकेन्झी यांनी या होलचे श्रेय मोकळेपणाने हॉलिन्स यांनाच दिले. स्वतःचे तत्त्व मात्र त्यांनी येथेही सोडले नाही. ज्याला ती झेप पेलवणार नाही, त्याच्यासाठी डावीकडे जमिनीचा पट्टा राखलेला आहे. तेथे चेंडू टाकून पुढे जाता येते. एक फटका जातो, पण चेंडू समुद्रार्पण होत नाही.

हॉलिन्स यांनीच पुढे सांता क्रूझ येथे पासातिएम्पो हे मैदान मॅकेन्झी यांच्याकडून करून घेतले. त्याच्या उद्घाटनाशी एका पराभवाचा संबंध आहे. सप्टेंबर १९२९ मध्ये त्या काळचा सर्वश्रेष्ठ हौशी खेळाडू बॉबी जोन्स अमेरिकन हौशी अजिंक्यस्पर्धेसाठी जवळच्या पेबल बीच येथे आला होता. पहिल्याच फेरीत जॉनी गुडमन या तरुणाने त्याला हरवले. अनपेक्षितपणे रिकामे झालेले दिवस जोन्सने आसपासची मैदाने खेळण्यात घालवले. सायप्रेस पॉइंट पाहिले, पासातिएम्पोच्या उद्घाटनाची फेरी खेळली आणि मॅकेन्झी यांच्याशी त्याच्या गप्पा झाल्या. दोघांनाही सेंट अँड्रूजचे सारखेच वेड होते. तारुण्याच्या भरात ज्या ओल्ड कोर्सवर जोन्स चिडून खेळ अर्धवट सोडून गेला होता, त्याच मैदानावर पुढे त्याने जीव ओवाळून टाकला होता.

१९३० मध्ये जोन्सने एकाच वर्षी ब्रिटन आणि अमेरिका येथील चारही प्रमुख स्पर्धा जिंकल्या आणि वयाच्या अवघ्या २८ व्या वर्षी स्पर्धात्मक खेळातून निवृत्ती घेतली. आता त्याला स्वतःचे स्वप्नातले मैदान हवे होते. जॉर्जियातील ऑगस्टा येथे बेल्जियममधून आलेल्या बर्कमन्स कुटुंबाची जुनी रोपवाटिका विकाऊ होती. अझेलिया, मॅग्नोलिया आणि पाइन यांनी नटलेला तो उतार पाहून जोन्सने निर्णय घेतला आणि रचनेसाठी मॅकेन्झी यांना बोलावले. १९३१-३२ मध्ये दोघांनी मिळून मैदान आखले; मॅकेन्झी जागा सांगत आणि जोन्स तेथून चेंडू मारून पाहत असे. मूळ ऑगस्टामध्ये बंकर जेमतेम वीस-बावीस होते. फेअरवे ऐसपैस होते आणि उंच गवताचा जाच नव्हता. सारी परीक्षा हिरवळींच्या उतारांत आणि ओढ्याच्या वळणांत साठवलेली होती. सामान्य सभासदाला सुखाने खेळता यावे आणि विजेत्याला मात्र प्रत्येक फटक्याचा विचार करावा लागावा, हे १९२० च्या पुस्तकातील तत्त्व येथे पूर्णत्वाला गेले.

काळ मात्र वैऱ्याचा होता. १९२९ च्या आर्थिक कोसळीनंतर अमेरिकेत महामंदी पसरली. नव्या मैदानांची कामे थांबली. जी चालू होती त्यांचे पैसे मिळेनात. ऑगस्टाच्या क्लबलाही पुरेसे सभासद मिळत नव्हते. मॅकेन्झी यांनी आपला मेहनताना आधीच कमी करून दिला होता. त्यातलाही मोठा भाग त्यांच्या हाती कधी पडला नाही. एकेकाळी चार खंडांत मान्यता मिळवलेला हा माणूस आता पत्रांतून थोड्याफार रकमेची मागणी करत होता. दुसऱ्या पत्नी हिल्डा यांच्यासह ते पासातिएम्पोच्या सहाव्या फेअरवेलगतच्या घरात राहत. स्वतःच आखलेल्या हिरवळीकडे पाहत, उत्पन्नाची चिंता करत त्यांचे अखेरचे दिवस गेले. ६ जानेवारी १९३४ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी, तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा पासातिएम्पोच्या मैदानावर विखुरण्यात आली.

अवघ्या अकरा आठवड्यांनी, मार्च १९३४ मध्ये, ऑगस्टा नॅशनलवर पहिली निमंत्रितांची स्पर्धा झाली. हॉर्टन स्मिथ विजेता ठरला. तीच स्पर्धा पुढे ‘मास्टर्स’ या नावाने जगभर गाजली. आज दर एप्रिलमध्ये कोट्यवधी प्रेक्षक दूरचित्रवाणीवर ज्या हिरव्या उतारांकडे पाहतात, ते ज्याने घडवले त्याला त्यावर झालेला एकही सामना पाहता आला नाही.

आयुष्याच्या अखेरच्या काळात मॅकेन्झी यांनी दुसरे पुस्तक लिहिले होते. प्रकाशक मिळण्याआधीच ते गेले आणि हस्तलिखित कागदपत्रांत हरवले. सहा दशकांनंतर ते कुटुंबीयांच्या संग्रहात सापडले आणि १९९५ मध्ये ‘द स्पिरिट ऑफ सेंट अँड्रूज’ या नावाने प्रसिद्ध झाले. २००५ मध्ये जागतिक गोल्फ हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश करण्यात आला.

त्यांच्या वारशात एक विसंगती मात्र उरते. कच्च्या खेळाडूचा कैवार घेणाऱ्या या माणसाची दोन सर्वाधिक प्रसिद्ध मैदाने मूठभरांसाठीच आहेत. सायप्रेस पॉइंट आणि ऑगस्टा नॅशनल येथे सभासदाच्या निमंत्रणाशिवाय खेळता येत नाही. ऑगस्टाचे रूपही काळाबरोबर बदलले. बंकर वाढले, अंतरे लांबली, हिरवळींना नव्याने आकार दिला गेला. पण त्यांची सारीच मैदाने कुलूपबंद नाहीत. पासातिएम्पोवर बाहेरच्या खेळाडूंना प्रवेश आहे. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील लाहिंच येथे, जेथे ओल्ड टॉम मॉरिस यांच्या जुन्या आखणीवर मॅकेन्झी यांनी १९२७ मध्ये नवा हात फिरवला, पाहुण्यांचे स्वागत होते. लीड्सजवळची अल्वुडली आणि मूरटाउन ही मैदानेही प्रवाशांना खेळता येतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला पॅसिफिका येथे त्यांनी आखलेले शार्प पार्क तर त्या शहराच्या मालकीचे आहे. १९३२ मध्ये खुल्या झालेल्या या मैदानाचे किनाऱ्यालगतचे काही होल समुद्राच्या वादळांनी गिळले. तेथील दलदलीतील दुर्मीळ बेडूक आणि साप यांच्या रक्षणासाठी न्यायालयीन लढेही झाले. तरीही शुल्क भरून कोणीही नागरिक तेथे आजही खेळू शकतो.

ज्या सेंट अँड्रूजपासून मॅकेन्झी यांचे सारे विचार सुरू झाले, ते मैदान तर सार्वजनिक जमिनीवरच आहे. रविवारी तेथे सहसा खेळ बंद असतो. गावातील माणसे मुलाबाळांसह, कुत्र्यांना घेऊन त्या हिरवळीवर फिरायला येतात. परगावच्या प्रवाशालाही त्यांच्याबरोबर हिंडता येते, आणि त्यासाठी हातात गोल्फची काठी असण्याची गरज नाही.